दोष यंत्राचा, दोष माणसाचा

वाटेत वाहन बंद पडले की मनात दोन प्रश्न एकाच वेळी उभे राहतात. पहिला, 'काय बिघडले?' आणि दुसरा, 'कुणी बिघडवले?' पहिल्याचे उत्तर शोधावयास पाना लागतो, वेळ लागतो आणि हात काळे करावे लागतात. दुसऱ्यास यांपैकी काहीच लागत नाही. म्हणूनच बहुधा त्याचे उत्तर आधी तयार असते. या दोन प्रश्नांचे परस्परांशी नाते काय आणि पहिल्याची रीत दुसऱ्यास लावता येते काय, याचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहोत. विषय वरवर पाहता किरकोळ, किंबहुना हसण्याजोगा आहे. परंतु कित्येक घरांतील अबोल्याचे मूळ अशाच किरकोळ विषयांत असते, हे वाचकांना आम्ही सांगावयास नको.

भोर आणि वेल्हे हा सह्याद्रीच्या कुशीतील मुलूख. एका अंगास भाटघरचा जलाशय, दुसऱ्या अंगास राजगड आणि तोरणा, आणि सभोवार चढ-उताराचे रस्ते. भोरहून महाडकडे उतरणारा वरंध घाट असो की वेल्ह्याहून पानशेतच्या बाजूस नेणारा पाबे घाट असो, वाहनाची खरी परीक्षा येथेच होते. एस.टी. चुकली की दिवस बुडाला, अशी स्थिती असलेल्या या भागात शिक्षक, ग्रामसेवक, दूधवाले यांना स्कूटरने मोठा आधार दिला. आकुर्डीच्या कारखान्यात बनलेली बजाज कंपनीची चेतक १९७२ साली बाजारात आली. त्या काळी तिच्यासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. पुढे २००९च्या अखेरीस कंपनीने स्कूटरच्या धंद्यातून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला. २०१९ साली चेतक हे नाव परत आले ते विजेवर चालणाऱ्या गाडीस. परंतु जुनी चेतक जिवापाड सांभाळणारी माणसे अजूनही भेटतात.

या गाडीचे इंजिन पाण्यावर नव्हे, तर हवेवर थंड राहते. सिलिंडरभोवती धातूच्या पातळ पट्ट्या असतात. फ्लायव्हीलवरचा पंखा हवा ओढतो आणि वरचे पत्र्याचे आवरण ती हवा त्या पट्ट्यांवरून फिरवते. रचना साधी, परंतु तिचे काही नियम आहेत. पट्ट्यांमध्ये चिखल बसला किंवा आवरणाखाली उंदराने घरटे केले, तर इंजिन आतून तापत राहते आणि चालकास पत्ता लागत नाही. अखेर भर चढावर पिस्टन जाम होतो. पेट्रोलमध्ये मिसळावयाच्या ऑईलचेही तसेच. ते कमी पडले तर पिस्टन जातो. आणि 'थोडे जास्त असलेले बरे' म्हणून हात सैल सोडला, तर धुराचा लोट उठतो आणि प्लग काळा पडतो.

हवेवर थंड होणाऱ्या वाहनांत जगभर नाव झाले ते जर्मनीच्या फोक्सवॅगन बीटल मोटारीचे. ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतील पुएब्ला येथे शेवटची जुनी बीटल तयार झाली, तेव्हा एकूण आकडा २ कोटी १५ लाखांच्या वर गेला होता. तिचे इंजिन मागे असते. त्यामुळे पुढचे झाकण उघडून 'इंजिन कुठे गेले?' म्हणून घाबरणारे आणि रेडिएटर शोधत पाण्याचा डबा घेऊन गाडीभोवती फिरणारे लोक, हा तिच्या मालकांच्या करमणुकीचा नेहमीचा विषय. पण त्या गाडीत एक गंभीर धडाही आहे. समोरचा लाल दिवा लागला की विजेचे यंत्र चालत नाही, एवढाच त्याचा अर्थ; 'घरी जाऊन पाहू' असे चालकास वाटते. परंतु बीटलमध्ये ते यंत्र आणि थंड करणारा पंखा एकाच पट्ट्यावर फिरतात. तो पट्टा तुटला असेल आणि माणूस तसाच पुढे गेला, तर घरी पोहोचण्याआधी इंजिन जळते. दिसते ती खूण एका गोष्टीची असते आणि धोका दुसरीकडेच असतो.

आता स्कूटरकडे वळू. ती बंद पडल्यावर आपल्याकडे जे विधी होत असत, ते सर्वांच्या परिचयाचे आहेत. प्रथम किक, मग आणखी किक. मग पत्नी-मुलांना उतरवून गाडी एका अंगावर कलती करणे. मग प्लग काढून पॉलिश पेपरने घासणे. जमलेल्यांपैकी एकजण हमखास सांगणार, 'कार्ब्युरेटरमध्ये कचरा आलाय!' इतके झाल्यावर एखादे शाळकरी पोर विचारते, 'काका, पेट्रोलचा कॉक चालू केलाय का?' आणि सगळे हसतात. या हसण्यात कुणाचा अपमान नसतो. उलट, ते माणसास नम्र करते. कसबी मिस्त्रीची रीतही त्या पोरासारखीच असते. तो आधी साधे, बिनखर्चाचे पाहतो आणि जे उघडल्याने नुकसान होऊ शकते त्यास शेवटी हात घालतो.

आमच्या परिचयाचे एक शिक्षक १९९०च्या दशकात भोरला राहून रोज नसरापूरमार्गे वेल्ह्याच्या बाजूस शाळेत जात असत. एका पावसाळ्यात त्यांची स्कूटर वाटेत बंद पडू लागली. आठ-दहा किलोमीटर चालावी आणि थांबावी. ते प्लग साफ करीत, पेट्रोल आहे ना म्हणून टाकीचे झाकण उघडून पाहत आणि किक मारीत. गाडी सुरू होई. सरांनी श्रेय प्लगला दिले. एका मिस्त्रीने नवा प्लग घातला, दुसऱ्याने कार्ब्युरेटर धुतला, तिसऱ्याने कॉईल बदलली. मग कुणी पेट्रोलमधील भेसळीवर संशय घेतला. अखेर सरांच्या ध्यानात आले की, धाकटा मुलगा एका रविवारी मित्रांबरोबर गाडी घेऊन वरंध घाटात गेला होता. झाले! पोराने इंजिन तापवून गाडीची वाट लावली, असा निकाल लागला. मुलाने 'मी जपून चालवली' असे सांगितले. ते खोटे ठरले. त्याची स्कूटर बंद झाली आणि त्याच्या बेफिकिरीची कथा नातलगांत व मिस्सेनंतर चर्चच्या आवारातही सांगितली गेली.

पुढे एका वृद्ध मिस्त्रीने सरांना एवढेच विचारले, 'गाडी पुन्हा सुरू होण्याआधी तुम्ही शेवटी काय करता?' सर म्हणाले, 'पेट्रोल बघतो.' मिस्त्रीने टाकीचे झाकण उघडले आणि त्याखाली बसवलेला प्लॅस्टिकचा तुकडा काढून सरांच्या हाती दिला. पावसाचे पाणी टाकीत उतरू नये म्हणून सरांनीच तो घातला होता. झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असते. पेट्रोल जसजसे खाली उतरते तसतशी त्याच्या जागी हवा आत यावी लागते. ती आली नाही की पेट्रोल उतरणे थांबते. झाकण उघडताच हवा शिरे आणि गाडी चालू होई. प्लगचा त्यात काही संबंध नव्हता. मिस्त्रीने पैसे घेतले नाहीत, चहा मात्र घेतला. दोघेही पोट धरून हसले.

ही फजिती सरांनी पुढे अनेकांना रंगवून सांगितली. परंतु त्या कथेत मुलाचा भाग नसे. मुलाजवळ त्याविषयी एक शब्दही निघाला नाही. गाडी दुरुस्त झाली होती. पण मुलाने तोवर गाडी मागणे सोडले होते आणि हळूहळू वडिलांशी इतर गोष्टी बोलणेही.

येथे आमचा मूळ प्रश्न उभा राहतो. संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात आपल्या 'सुम्मा थिऑलॉजिका' या ग्रंथात न्यायनिवाड्याविषयी लिहिताना एक मार्मिक भेद केला आहे. वस्तूंविषयी निर्णय करणे वेगळे आणि माणसांविषयी निर्णय करणे वेगळे, असे ते म्हणतात. वस्तूविषयी आपण चुकीचे मत केले, तर त्या वस्तूचे काही बिघडत नाही. तेथे जे आहे ते जसेच्या तसे जाणण्याचा प्रयत्न करावा. माणसाविषयी मात्र, पुरेसा पुरावा नसताना वाईट मत करणे हा त्याच्यावर अन्याय आहे. म्हणून शंका असेल तेथे चांगल्या बाजूस झुकावे. असे केल्याने आपण अनेकदा फसू, हे ते मान्य करतात. तरीही सज्जनाविषयी क्वचित वाईट ग्रह करून घेण्यापेक्षा दुर्जनाविषयी वारंवार चांगले मत करून फसणे बरे, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

सरांनी प्लगवर विनाकारण संशय घेतला. प्लगचे काही गेले नाही. कॉईलचे पैसे गेले, तेही भरून निघाले. मुलावर घेतलेला संशय मात्र त्याच जातीचा नव्हता. तरीही तो प्लग आणि कॉईलच्याच यादीत, त्यांच्यामागोमाग घातला गेला. एकामागून एक कारणे तपासण्याची रीत यंत्रास शोभते. माणसास त्या रांगेत उभे करावयाचे असेल, तर त्याचे म्हणणे आधी ऐकून घेतले पाहिजे.

यावर कुणी म्हणेल, 'दोष खरोखरच मुलाचा असता तर?' तसे होऊ शकते. निष्काळजी चालकांनी इंजिने जाळल्याची उदाहरणे थोडी नाहीत आणि दयेचा अर्थ दोष नाकारणे असा नव्हे. परंतु तेव्हाही त्यास शिकवणे आणि त्याची चव्हाट्यावर बदनामी करणे यांत अंतर आहे. जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनी प्रभू येशूला विचारले होते की, पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोघांवरही ठपका ठेवला नाही. तो त्या माणसाला दृष्टी देण्याच्या कामास लागला. 'कुणी?' या प्रश्नात अडकलेल्यांना त्याने 'आता काय करावयाचे?' याकडे वळवले.

मात्र एक गोष्ट राहते. ख्रिस्तसभेची शिकवण अशी आहे की, न्यायाविरुद्ध व सत्याविरुद्ध घडलेल्या अपराधाची भरपाई करण्याचे कर्तव्य, अपराधास क्षमा मिळाल्यावरही संपत नाही. दुसऱ्याच्या नावास लागलेला डाग याच सदरात येतो. प्रायश्चित्त संस्कारात आपण तो देवापुढे मांडतो. पण ज्याचे नाव गेले त्याच्यापुढे आणि ज्यांच्यासमोर गेले त्यांच्यापुढे एक वाक्य बोलणे शिल्लक उरते. 'तुझी चूक नव्हती' एवढेच ते वाक्य. बापाने मुलाला, सासूने सुनेला, मोठ्याने धाकट्याला ते म्हणणे आपल्या घरांत फार जड जाते, कारण त्याने आपला अधिकार कमी होईल असे वाटते. आमचा अनुभव याच्या उलट आहे. जे आईबाप ते बोलू शकतात, त्यांचा शब्द मुले पुढे अधिक मानतात.

तेव्हा वाचकहो, आपल्याही घरात एखादी अशी फजिती हसत सांगितली जात असेल, तर तिच्यातून कुणाचे नाव गाळले गेले आहे काय, हे पाहावे. गाळले गेले असेल आणि ती व्यक्ती हयात असेल, तर येत्या रविवारची वाट न पाहता तिला गाठावे व ते वाक्य बोलावे.