अन्नपूर्णे, तांदूळ कुणाचा?

माय अन्नपूर्णे,

लग्नात माहेराहून तू माझ्याबरोबर आलीस, हातात पळी घेऊन. देवघरात तुला मी तांदळावर बसवते. तो तांदूळ कुणाच्या खाचरातला, हे विचारायची मला सवय लाव. मावळात राहायचं, दोन्ही वेळा भात खायचा आणि तो कुणी लावला याचा पत्ता नसावा, हे बरं नव्हे.

आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात एक वाण तयार झालं. १९८७ साली ते शेतकऱ्यांच्या हाती आलं. नाव ठेवलं इथल्या नदीचं, इंद्रायणी. आता ते नाव कुठल्याही पोत्यावर छापता येतं. नावाला भुलण्याआधी मूठभर तांदूळ नाकाशी धरायची अक्कल मला दे. आणि कामशेतकडून कुणी घरचा तांदूळ घेऊन आली, तिने सांगितलेला भाव मला जड वाटला, तर घासाघीस करण्याआधी लोणावळ्याचं चिक्कीचं दुकान आठवू दे. तिथे मी पुड्यामागची किंमत वाचतसुद्धा नाही. चिखलात वाकून आवणी करणारीपुढेच माझा व्यवहारीपणा बरा जागा होतो!

पावसाळ्यात कुर्डू, टाकळा, भारंगी घेऊन रस्त्याकडेला बसलेल्या ठाकर-कातकरी बायांकडे मला फुकटची वरची मूठ मागू देऊ नकोस. ती भाजी कुणी पेरलेली नसली, तरी डोंगर चढून कुणीतरी खुडलेली असते.

वलगणीच्या माशांचं मात्र मला जमत नाही, माय. पहिल्या पावसात अंडी घालायला ओढ्यानं उलटे चढणारे ते जीव. गाभोळी दिसली की माझी जीभ खवळते. हे सोडायचं बळ मी मागायला हवं, हे कळतं. पण आज निदान अर्ध्यावर थांबायचं बळ दे.

भात शिजतो तो पवनेच्या पाण्यात. पवना धरणात कितीकांची शेतं गेली. ९ ऑगस्ट २०११ ला हेच पाणी शहराकडे नेणाऱ्या बंदिस्त जलवाहिनीच्या विरोधात शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले, त्यात एक बाई होती. तांदूळ धुतलेलं पाणी मी कढीपत्त्याला घालते. तेवढ्यानं देणं फिटलं असं मला वाटू देऊ नकोस.

शेजारीण रेशनचा तांदूळ आणते. तिच्या पातेल्यात डोकावून मनात नाक मुरडण्याचं पाप माझ्या हातून न घडो. निवड करायला आधी पाकिटात पैसे लागतात. मला ते मिळाले, यात माझी कर्तबगारी थोडीच आहे. माझ्या पोरांनी ताटात टाकलेला भात सकाळी फोडणीला पडू दे, कचऱ्यात नको.

आणखी एक मागते. खाचरं विकली जातायत, तिथे शनिवार-रविवारचे बंगले उठतायत. जो अजून भात लावतोय, त्याला खर्च भागून चार पैसे उरतील असा भाव मिळू दे. तो देणाऱ्यांत मला पुढे उभी कर.