विचारल्यावाचून वाढलेले

जामसर हे जव्हार तालुक्यातले गाव. 1992 साली वावर-वांगणीची बालके कुपोषणाने दगावली तेव्हा हा तालुका साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाला. तेव्हापासून इथल्या ताटात काय पडावे, याचा विचार बहुधा दुसरेच कोणी करत आले आहेत. त्यांतल्या एका विचाराबद्दल आम्हाला बोलायचे आहे. तो म्हणजे रेशनचा लोहयुक्त तांदूळ.

तांदळाचे पीठ करायचे, त्यात लोह, फॉलिक अॅसिड व बी-12 मिसळायचे, यंत्रातून पुन्हा दाणे पाडायचे आणि शंभर दाण्यांत असा एक दाणा टाकायचा. 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याची शिफारस केली. 15 ऑगस्ट 2021 रोजी लाल किल्ल्यावरून घोषणा झाली आणि मार्च 2024 पर्यंत सरकारी योजनांतला तांदूळ असा झाला. जिनेव्हा ते जामसर या वाटेवर तज्ज्ञ, मंत्रालये, गिरणीमालक असे सगळे भेटतात. खाणारा मात्र कुठेच भेटत नाही. जव्हार-मोखाडा अनुसूचित क्षेत्रात येतात, 1996 चा पेसा कायदा तिथे लागू आहे. पण तांदळात काय मिसळावे हे ठरवताना ग्रामसभेला जागा नव्हती.

प्रश्न केवळ मानापमानाचा नाही. आदिवासी समाजात सिकलसेलचा आजार आढळतो. ज्या रुग्णाला वारंवार रक्त चढवावे लागते, त्याच्या शरीरात लोह आधीच साठत जाते. म्हणून 2018 च्या नियमांत सिकलसेलच्या रुग्णांनी असे अन्न खाऊ नये, अशी सूचना वेष्टनावर सक्तीची होती. आता रेशनचा तांदूळ गोणीतून मापून पिशवीत पडतो. सूचना गोणीवरच राहते! पुढे तज्ज्ञ समितीला धोक्याचा पुरावा दिसला नाही, इतर देशांतही अशी सूचना नाही, म्हणून 2024 मध्ये ती काढण्याचे ठरले. असेलही तसे. एका ताटातून जाणारे लोह थोडेच असते, हे म्हणणे आम्हाला खोटे वाटत नाही. पण सूचना लावताना आणि काढताना, ज्याच्यासाठी ती होती त्याला कोणी विश्वासात घेतले? शिवाय अशा तांदळाने रक्तक्षय कितपत हटतो याबद्दलही एकमत नाही. 2019 च्या कॉक्रेन आढाव्यात फारसा फरक पडत नसावा, असाच निष्कर्ष होता.

पाण्यावर तरंगणारे हे दाणे पाहून ठिकठिकाणी लोकांनी ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून ते वेचून टाकले. शहाणे लोक हसले. आम्हाला हसू आले नाही. मालेगाव-भिवंडीत पोलिओच्या डोसाबद्दल आपल्याच मोहल्ल्यांतून कोणत्या अफवा उठल्या होत्या, हे आपण विसरलेलो नाही. त्या अफवा खोट्याच होत्या आणि त्यांनी आपल्याच लेकरांना धोक्यात घातले. पण दार बंद करणाऱ्या आईचा संशय हुकमाने गेला नाही. ओळखीचे डॉक्टर, मौलवी, मोहल्ल्यातल्या बाया उंबऱ्यावर बसून बोलल्या तेव्हा दारे उघडली. 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला त्यात या बोलण्याचाही वाटा आहे.

कोणी म्हणेल, आयोडीनयुक्त मीठही वरूनच आले, त्याला कोणी विचारले होते? खरे आहे, आणि त्याचा गुणही आला. पण बिनआयोडीनच्या खाण्याच्या मिठाची विक्री 2006 मध्ये साऱ्यांसाठीच बंद झाली. नियम करणाऱ्या साहेबाच्या भाजीतही तेच मीठ पडले. तांदळाची सक्ती रेशन, अंगणवाडी आणि शाळेच्या खिचडीपुरतीच होती. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याने दुकानात जावे, हवा तो तांदूळ घ्यावा. जामसरपासून जवळच्याच वाडा तालुक्यातला कोलम मुंबईच्या बाजारात नाव सांगून विकला जातो, 2021 मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तो घेणाऱ्याच्या ताटात लोहाचा दाणा घालण्याचे कोणत्याही मंत्रालयाला सुचले नाही.