शब्दाला वजन कुठून येते?



धर्मग्रामात नव्या मंडळाची निवड जवळ आली, की दोन प्रकारची माणसे भेटतात. काहीजण म्हणतात, "फादर, आम्हाला पद द्या, मग बघा आम्ही काय करून दाखवतो!" आणि बरेचजण म्हणतात, "फादर, आमचं कोण ऐकतो? आमचं नाव नका घालू." पहिल्याला वाटते, पद मिळाले की शब्दाला वजन येते. दुसऱ्याला वाटते, पद नाही म्हणून आपल्या शब्दाला वजन नाही. दोघांची समजूत एकच आहे, आणि ती तपासून पाहण्यासारखी आहे.

आपल्या वाडीत जरा नजर फिरवा. एखाद्या घरात भांडण झाले, जमिनीच्या बांधावरून वाद झाला, तर लोक कोणाकडे जातात? पुष्कळदा ज्यांच्याकडे कसलेही पद नाही अशा एखाद्या आजोबांकडे किंवा मावशीकडे. त्यांनी दोन वाक्ये बोलली, की आवाज खाली येतात. उलट एखाद्याच्या नावापुढे चार पदे असतात; पण तो बोलायला उभा राहिला, की लोक घड्याळाकडे पाहू लागतात. अधिकार वरून देता येतो, वजन मात्र कमवावे लागते. ते कसे कमवायचे, हे आज पवित्र शास्त्रातील एका माणसाकडून आपण शिकू या. त्याचे नाव नहेम्या.

दर तीन वर्षांनी एकदा, सामान्य काळातील तिसऱ्या रविवारी, नहेम्याच्या ग्रंथातले वाचन आपण मिस्सामध्ये ऐकतो. पण तिथे तो शेवटी थोडेसेच बोलतो. त्याची खरी कहाणी आधीच्या सात अध्यायांत आहे. या आठवड्यात ती घरी बसून जरूर वाचावी.

१. आधी स्वतः पाहिले

काळ इसवी सनापूर्वी सुमारे ४४५ सालचा. बाबिलोनच्या बंदिवासातून यहुदी लोक परतू लागले, त्याला नव्वद वर्षे उलटून गेली होती. मंदिर पुन्हा बांधले गेले होते, पण यरुशलेमचा तट पडलेला आणि वेशी जळालेल्या होत्या. नहेम्या मात्र दूर शूशनच्या राजवाड्यात होता. पारसाचा राजा अर्तहशश्त याला द्राक्षारसाचा प्याला देण्याचे काम त्याच्याकडे होते. नोकरी मानाची, राजाच्या अगदी जवळची. आपल्या शहराची बातमी ऐकून तो खाली बसला, रडला, त्याने उपवास केला. सुमारे चार महिने प्रार्थना करीत राहिला आणि मगच राजापुढे त्याने तोंड उघडले.

राजाने त्याला सुटी दिली, पत्रे दिली, लाकूड दिले, बरोबर घोडेस्वार दिले. म्हणजे अधिकार मिळाला. पण यरुशलेमला पोहोचल्यावर त्याने काय केले पाहा! ती पत्रे नाचवीत सभा भरवली नाही. तीन दिवस तो गप्प राहिला. मग एका रात्री थोडी माणसे बरोबर घेऊन, एकाच जनावरावर बसून पडलेल्या तटाभोवती फिरला. एके ठिकाणी दगडांचा ढीग एवढा होता, की जनावराला पुढे जायला वाट नव्हती. कुठे काय मोडले आहे, ते त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिले. मगच तो लोकांशी बोलला.

आणि बोलतानाही "तुमची ही दशा झाली आहे" असे तो म्हणाला नाही. ज्या दशेत आपण आहोत ती पाहा, चला, आपण तट बांधू, म्हणजे आपली मानहानी संपेल, असे तो बोलला. राजवाड्यातून आलेला माणूस "आपण" म्हणाला आणि लोक उठले. ज्याला दृष्टी म्हणतात ती हीच. डोळ्यांसमोर दगडांचा ढीग असताना मनात उभा राहिलेला तट, आणि तो इतरांनाही दिसेल इतक्या साध्या शब्दांत सांगण्याची ताकद. लांबलचक योजनेची तिला गरज पडत नाही.

२. ज्याने त्याने आपल्या घरासमोर

तिसरा अध्याय वाचताना आपल्याला कंटाळा येतो. नावांमागून नावे! पण ती यादी म्हणजे त्या काळच्या एका धर्मग्रामाचे छायाचित्रच आहे. महायाजक आणि याजक मेंढरांची वेस बांधायला उभे राहतात. सोनार आहेत, सुगंधी द्रव्ये करणारे आहेत, व्यापारी आहेत. शल्लूम नावाचा एक अधिकारी आपल्या मुलींना घेऊन आला आहे. आणि पुन्हा पुन्हा एक गोष्ट येते: अमक्याने आपल्या घरासमोरचा भाग दुरुस्त केला. तकोवाच्या प्रतिष्ठितांनी मात्र कामाला खांदा लावला नाही, हेही तिथे नमूद आहे. पण त्याच गावच्या साध्या माणसांनी आपला भाग पुरा करून आणखी एक भाग बांधला!

नहेम्याने प्रत्येकाला आवाक्यातले काम दिले. आपल्या घरासमोरची भिंत पक्की व्हावी असे कोणाला वाटणार नाही? आपल्याकडे कामे अडतात ती पुष्कळदा यामुळेच, की आपण "समाजाने हे केले पाहिजे" असे म्हणतो आणि आपल्या दारासमोरचा दगड तिथेच राहतो.

३. काम कुठे थांबले?

तट बांधताना बाहेरचे शत्रू होतेच. सनबल्लट, तोबीया आणि गेशेम यांनी टिंगल केली, धमक्या दिल्या, कट केले. तेव्हा लोकांनी एका हाताने काम केले आणि दुसऱ्या हातात शस्त्र धरले, पण काम सोडले नाही. खरा हादरा बसला तो पाचव्या अध्यायात आणि तो घरातूनच बसला. गरीब लोक रडत नहेम्याकडे आले. धान्यासाठी आम्ही शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण टाकली, राजाचा कर भरायला कर्ज काढले, आता आमच्या मुलामुलींना गुलाम व्हावे लागते आहे, असे त्यांचे गाऱ्हाणे होते. सावकार कोण? त्यांचेच भाऊबंद! दिवसा सगळे मिळून तट बांधत होते आणि दुसरीकडे एक भाऊ दुसऱ्याचे शेत गिळत होता.

बंधू-भगिनींनो, या ठिकाणी नेता ओळखता येतो. "आधी तट पुरा होऊ दे, मग तुमचे बघू" असे नहेम्या म्हणू शकला असता. बड्या लोकांना दुखवणे त्याला परवडणारे नव्हते, कारण काम त्यांच्यावाचून अडले असते. तरी त्याने सभा बोलावली आणि त्यांना तोंडावर जाब विचारला. विशेष म्हणजे त्याने स्वतःलाही वगळले नाही. मी, माझे भाऊ आणि माझे सेवकही लोकांना पैसे व धान्य उसने देत आहोत, ही वसुली आपण सगळेच सोडून देऊ, असे त्याने सांगितले. त्यांनी शेते, घरे आणि घेतलेले व्याज परत करण्याचे कबूल केले. त्याने याजकांना बोलावून शपथ घ्यायला लावली आणि आपला पदर झटकून दाखवला, की जो हा शब्द मोडील त्याला देव असाच झटकून टाको!

त्या श्रीमंतांनी त्याचे का ऐकले? राजाचे पत्र होते म्हणून? उत्तर त्याच अध्यायाच्या शेवटी आहे. नहेम्या बारा वर्षे राज्यपाल होता. आधीचे राज्यपाल लोकांकडून धान्य, द्राक्षारस आणि वर चाळीस शेकेल रुपे घेत असत. त्याने तो भत्ता कधी घेतला नाही. रोज त्याच्या पंक्तीला दीडशे माणसे जेवत असत, तरीही नाही. आणि आणखी एक बारीकशी गोष्ट तो लिहून ठेवतो: आम्ही जमीन विकत घेतली नाही.

आपल्या भागात राहणाऱ्यांना हे वाक्य समजावून सांगायला नको. रस्ता कुठून जाणार, वस्ती कुठे वाढणार, हे ज्याला आधी कळते, त्याच्या नावावर जमिनी कशा होतात, हे आपण पाहत आलो आहोत. तट उभा राहिल्यावर यरुशलेममधल्या जागेला मोल येणार, हे नहेम्याला कळत नव्हते का? कळत होते. तरी त्याने आणि त्याच्या माणसांनी जमिनीत हात घातला नाही, तटाच्या कामात घातला. म्हणून तो "परत करा" म्हणाला तेव्हा समोरच्यांना उत्तर सुचले नाही.

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने वक्तृत्वावर लिहिताना सांगितले आहे, की माणसाचे मन वळवणाऱ्या तीन गोष्टी असतात: त्याचा मुद्दा, ऐकणाऱ्याच्या भावना आणि बोलणाऱ्याचे शील. यांत शीलाचे बळ जवळजवळ सगळ्यात मोठे, असे त्याचे मत. आपल्या आजी-आजोबांनी ॲरिस्टॉटल वाचला नव्हता. पण कोणाचे ऐकायचे हे त्यांना बरोबर कळत होते!

मूल्ये म्हणजे भिंतीवर टांगलेली सुविचारांची पाटी नव्हे. घेता येत असताना, कोणी अडवत नसताना, आपण जे घेत नाही त्यावरून आपली मूल्ये लोकांना कळतात. पोप फ्रान्सिस १३ मार्च २०१३ रोजी निवडून आले. दुसऱ्याच दिवशी, आधी राहत होते त्या अतिथिगृहाचे बिल त्यांनी स्वतः जाऊन चुकते केले. पोपमहोदयांसाठी असलेल्या राजप्रासादातील दालनांत ते राहायला गेले नाहीत. २१ एप्रिल २०२५ रोजी देवाघरी जाईपर्यंत ते सांता मार्था या अतिथिगृहातच राहिले. गरिबांविषयी ते बोलले तेव्हा जगाने कान दिला, त्यामागे या न घेतलेल्या गोष्टी होत्या.

४. पदाशिवायही

कोणी म्हणेल, नहेम्या राज्यपाल होता, पोप तर पोपच! आमच्यासारख्यांचे काय? आपल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आठवा. राजकीय सत्ता त्यांच्या हाती नव्हती. हाती लेखणी होती, 'सुवार्ता' मासिक होते आणि एक स्पष्ट चित्र होते: वसईची हिरवाई आणि इथले पाणी टिकले पाहिजे. हरित वसई संरक्षण समितीच्या हाकेला जे लोक रस्त्यावर आले, त्यांत सर्व धर्मांची माणसे होती. पुढे २०२० मध्ये उस्मानाबाद येथे झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. २५ जुलै २०२४ रोजी ते प्रभूघरी गेले. पद आले ते उशिरा. शब्दाला वजन त्याच्या कितीतरी आधी आले होते.

मात्र वजन म्हणजे टाळ्या असे समजू नका. लूकच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय पाहा. नाझरेथच्या सभास्थानात प्रभू येशू यशया संदेष्ट्याचे पुस्तक उघडतो आणि आपले ध्येय सांगतो: गरिबांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, आंधळ्यांना दृष्टी. इतके स्पष्ट! आणि त्याच दिवशी त्याच्याच गावचे लोक त्याला कड्यावरून लोटायला निघतात. तरी त्याने आपले ध्येय बदलले नाही. पुढे याकोब आणि योहान मानाच्या जागा मागू लागले, तेव्हा त्याने शिष्यांना बजावले, की परराष्ट्रीयांचे अधिकारी सत्ता गाजवतात, तुमच्यात तसे नसावे. मोठे व्हायचे असेल त्याने सेवक व्हावे. आणि शेवटच्या रात्री कमरेला रुमाल गुंडाळून त्याने त्यांचे पाय धुतले. शास्त्री आणि येशू दोघेही एकाच शास्त्रातून शिकवीत असत; पण लोकांना येशूच्या शिकवणीत अधिकार जाणवला. त्याचे बोलणे आणि जगणे यांत फट नव्हती.

५. आपल्या घरासमोरची भिंत

तट बावन्न दिवसांत पुरा झाला. पुढे नहेम्या काही काळ राजाकडे परत गेला, तर इकडे लोक पुन्हा ढिले पडले. शब्बाथ मोडला गेला, लेव्यांचा वाटा थांबला आणि ज्या तोबीयाने विरोध केला होता, त्यालाच मंदिराच्या आवारात खोली मिळाली! परतल्यावर नहेम्याने त्याचे सामान बाहेर फेकले. पण धडा आपल्यासाठी आहे. एकट्या नेत्याच्या जोरावर तट उभा राहील, टिकणार नाही. मूल्ये घराघरांत रुजली पाहिजेत.

म्हणून नव्या मंडळासाठी नावे सुचवताना "बोलतो छान" एवढेच पाहू नका. त्याने हिशेब वेळेवर दिला का, त्याच्या मळ्यात राबणाऱ्याला मजुरी वेळेवर मिळते का, त्याच्याशी मतभेद असलेला माणूसही त्याच्यावर विश्वास ठेवतो का, हे पाहा. सभेत साधेपणाने लग्ने करण्याचा ठराव मांडायचा आणि स्वतःच्या घरचे लग्न आले, की मांडव गल्लीभर घालायचा, अशाने ठराव कागदावरच राहतो. आणि "आमचं कोण ऐकतो" म्हणणाऱ्यांनो, तुमच्या घरात तुम्हाला रोज ऐकणारी, त्याहून अधिक रोज पाहणारी लेकरे आहेत. खोटे बोलू नको असे शिकवणारे बाबा फोन आल्यावर "घरी नाही म्हणून सांग" म्हणतात, तेव्हा मूल दोन्ही ऐकते आणि दुसरेच लक्षात ठेवते.

या आठवड्यात संध्याकाळच्या रोझरीनंतर कुटुंबात तीन प्रश्नांवर बोलावे:

– आपल्या घरासमोर, आपल्या वाडीत, पडलेली भिंत कोणती? ती आपण जवळ जाऊन पाहिली आहे का?

– घेता येत असूनही आपण घेणार नाही, अशी एक गोष्ट कोणती?

– पाच वर्षांनी आपले घर कसे असावे, हे आपण एका वाक्यात मुलांना सांगू शकतो का?

हे प्रभू येशू, तू आमचे पाय धुतलेस आणि मग आम्हाला शिकवलेस. आमच्या डोळ्यांना पडलेले दगड पाहण्याचे धैर्य दे, मनाला उभा तट पाहण्याची श्रद्धा दे आणि हात स्वच्छ ठेव. ज्यांना आम्ही नेमणार आहोत त्यांना आणि ज्यांना कोणी नेमणार नाही अशा आम्हा सर्वांना तुझ्या कामासाठी उपयोगी कर. आमेन.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो!

आपला,
प्रमुख धर्मगुरू