समासातले शेरे

दूरस्थ शिक्षणाचा विषय निघाला की कुणीतरी एकलव्याला हटकून आणतो. गुरू समोर नसतानाही त्याने विद्या मिळवली, तेव्हा तोच आपला पहिला बहिःस्थ विद्यार्थी, असे भाषणांतून सांगितले जाते. मला हे कौतुक खटकते. द्रोणाने त्याला नाकारले होते, त्याचा एकही नेम सुधारून दिला नव्हता; अंगठा मागायच्या वेळी मात्र तो गुरू झाला. न शिकवता दक्षिणा घेता येते का?

मी अनुवादक आहे आणि एका ऑनलाइन अभ्यासक्रमात अनुवाद शिकवते, त्यामुळे हा प्रश्न मला टाळता येत नाही. मुद्रित व्याख्यान ही आजची मातीची मूर्ती. नीट घडवलेली असेल तर ती उपयोगी पडते, तिला मी नावे ठेवत नाही. पण 'फीड्रस'मध्ये प्लेटोचा सॉक्रेटिस लिखित शब्दाबद्दल जी तक्रार करतो ती तिलाही लागू आहे: काहीही विचारा, ती पुन्हा तेच सांगते. एकदा मुद्रित करून वर्षानुवर्षे चालवायची आणि फी मात्र दर वर्षी नव्याने घ्यायची, यात थोडे द्रोणाचे वळण आहेच.

दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. १९८५ मध्ये इग्नू आणि १९८९ मध्ये नाशिकचे मुक्त विद्यापीठ आले. या व्यवस्थेचा कणा म्हणजे छापील पुस्तके, असे आपण समजतो. मला तो स्वाध्याय तपासणाऱ्याच्या शेऱ्यांत दिसतो. विद्यार्थी लिहून पाठवतो, कुणीतरी ते वाचून समासात दोन ओळी लिहितो आणि कागद परत जातो. नुसते 'ठीक' लिहून परत केलेला स्वाध्याय आणि न तपासलेला स्वाध्याय यांत काय फरक?

माझ्या वर्गात आणखी एक पेच आहे. मी मराठी उतारा शब्दशः हिंदी अर्थासह देते. मुले आपापल्या भाषेत अनुवाद करतात. त्यांतल्या कित्येक भाषा मला वाचता येत नाहीत. मग गुण कशाच्या जोरावर द्यायचे? म्हणून अनुवादाबरोबर मी एक पान हिंदीत किंवा इंग्रजीत मागते: कुठे अडलात, काय निवडलेत, काय सोडलेत. 'आपण' आणि 'आम्ही' घ्या. ऐकणाऱ्याला सामील करणारा आणि वगळणारा हा भेद मराठी, गुजराती, तमिळ, तेलुगू, मल्याळम यांत आहे, हिंदी-बंगालीत नाही. मल्याळममध्ये लिहिणाऱ्या मुलीला मी विचारू शकते, की इथे बाप मुलाला आत घेतोय की बाहेर ठेवतोय, आणि तू कोणता शब्द घेतलास? बंगालीत लिहिणाऱ्याला विचारते, हा भेद तू दुसरीकडे कुठे भरून काढलास? लिपी कळत नसतानाही एवढे विचारता येते. भाषेच्या ओघाबद्दल मात्र ती भाषा जाणणारा वाचक मिळेपर्यंत मी गुण देत नाही.

कॅमेरा सुरू ठेवा, असा आग्रह मी धरत नाही. चार माणसांच्या एका खोलीत डोकावण्याचा अधिकार मला कुणी दिला? आणि तासभर व्याख्यान पाहण्याइतका डेटा ज्याला परवडत नाही, तोही तीनशे शब्द पाठवू शकतो.

याला वेळ लागतो. प्रत्येकी वीस मिनिटे धरली तर तीस जणांचे दहा तास, तीनशे जणांचे शंभर. मग मुले कमी घ्या, असे एक प्राध्यापकमित्र सुचवतात. पण बाहेर राहतील ते बहुधा नोकरी सांभाळून शिकणारे, लग्नानंतर पुन्हा पुस्तक उघडणाऱ्या बाया. द्रोण व्हायचे नाही म्हणून पुन्हा द्रोणाचेच दार लावायचे? तपासणारे वाढवा, त्यांना बरे मानधन द्या, असे मी बैठकीत म्हणते. पैसे नाहीत असे उत्तर येते. नव्या स्टुडिओला ते मिळाले.

सध्या मी सत्रातले स्वाध्याय चारांवरून दोनवर आणले आहेत. दुसरा स्वाध्याय पहिल्यावरच्या माझ्या शेऱ्यांना उत्तर म्हणून लिहायचा असतो, आणि शेरा पटला नाही तर का, हेही लिहायचे असते.