ज्याचा त्याचा धर्म, आणि लग्नाचा दिवस

‘आम्ही आध्यात्मिक आहोत, धार्मिक नाही’ असं सांगणारी माणसं आता पुण्या-मुंबईतही सर्रास भेटतात. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पण हे वाक्य पेलायला किती जड आहे, हे समजून घ्यायचं असेल तर म्हैसूरच्या कन्नड कवी कुवेंपुंकडे जावं लागतं.

दसऱ्याला चामुंडेश्वरीची मूर्ती सोन्याच्या अंबारीतून मिरवणारं हे शहर. तिथल्याच विद्यापीठाचे कुलगुरू झालेले कुवेंपु (१९०४–१९९४) पुरोहितशाहीवर जन्मभर कोरडे ओढत राहिले, तेही शूद्र म्हणून जन्मलेल्या माणसाच्या अधिकाराने. देव मात्र त्यांनी सोडला नाही. तरुणपणी ते आजारी पडले तेव्हा म्हैसूरच्या रामकृष्ण आश्रमाने त्यांना सांभाळलं. पुढे ते तिथेच राहिले, स्वामी शिवानंदांकडून त्यांनी दीक्षा घेतली, रामकृष्ण आणि विवेकानंद यांची चरित्रं कन्नडमध्ये लिहिली. संघटित धर्मावर इतकं कडक बोलणारा कवी एका संन्याशांच्या संघात घडला, याचं अनेकांना नवल वाटतं. मला वाटत नाही. १९३७ साली लग्न करून ते संसारात आले. आश्रमाशी असलेलं नातं त्यामुळे तुटलं नाही. जवळ आलेल्याला संस्था काय देते याइतकंच, निघून जाणाऱ्याशी ती कशी वागते यावरून मी तिची पारख करते.

त्यांनी मांडलेल्या विश्वमानवाच्या विचारात एक सूत्र फार धीट आहे. धर्म प्रत्येकाने स्वतः शोधावा, त्याच्या नावाने कळप करू नये. कुठलाही एकच ग्रंथ सर्वश्रेष्ठ मानू नये, सगळे वाचून आपलं दर्शन आपण घडवावं. जितकी माणसं तितके धर्म, असंच हे झालं. इथवर आजचे आध्यात्मिक लोकही येतात. अडचण पुढे आहे. एकट्याचा शोध एकट्यापुरता ठीक. पण मुलगी लग्नाची होते, वडील जातात, तेव्हा काय करायचं? ध्यान करणारे, उपनिषदं वाचणारे कितीतरी जण त्या दिवशी निमूटपणे गुरुजींना फोन करतात. पत्रिका, मुहूर्त, जात, देणंघेणं सगळं मागच्या दाराने आत येतं. ‘घरच्यांचं मन मोडवत नाही’ हे त्यावरचं नेहमीचं उत्तर.

कुवेंपुंनी हा दिवस टाळला नाही. त्यांनी ‘मंत्रमांगल्य’ नावाचा विवाहविधी तयार केला. पुरोहित नाही, हुंडा नाही, थाटमाट नाही. कोणीतरी वडीलधारं माणूस संहिता वाचतं, वधूवर एकमेकांना स्वीकारतात. १९६६ साली त्यांच्या मुलाचं, लेखक पूर्णचंद्र तेजस्वी यांचं, लग्न असंच झालं.

मराठी वाचकाला इथे जोतीराव आठवणारच. सत्यशोधक समाज १८७३ साली स्थापन झाला आणि त्याच वर्षी पुरोहिताशिवाय लग्नं लागू लागली. जोतीरावांच्या मंगलाष्टकांत वधू स्त्रीचे हक्क मागते आणि वर तशी शपथ घेतो. या लग्नांविरुद्ध ग्रामजोशी कोर्टात गेले. आम्हाला बोलावलं नाही तरी आमची दक्षिणा बुडता कामा नये, असा त्यांचा दावा होता. संघटित धर्माचा इतका उघडा जबाब क्वचितच कागदावर आला असेल. श्रद्धेचा प्रश्नच नव्हता, वतनाचा होता.

तरीही संघटना म्हटली की नाक मुरडणं मला पटत नाही. कुवेंपु कुलगुरू झाले त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी नागपूरला लाखोंच्या समुदायासह बौद्ध धम्म स्वीकारला आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. बाबासाहेबांना एकट्याने बुद्ध वाचता आला नसता का? बुद्ध ते वाचतच होते. पण ज्याला पाणवठ्यावरून हाकललं आहे त्याला खोलीत बसून मिळालेली शांती पुरत नाही. त्याला शेजारी उभी राहणारी माणसं लागतात, नवे सण लागतात, मुलांना सांगायला नवी ओळख लागते. धर्म ही खासगी बाब आहे, असं म्हणण्याची सवड बहुधा अशांनाच असते, ज्यांना जुन्या धर्माने कधी दारात अडवलेलं नसतं.

म्हणून मंत्रमांगल्य मला एखाद्या प्रवचनाहून मोठं वाटतं. तोही विधीच आहे, चार माणसांसमोर केलेला, पुढच्या पिढीच्या हाती देता येईल असा. फक्त त्यात मधला दलाल नाही. कुवेंपुंचा जन्मदिवस, २९ डिसेंबर, कर्नाटक सरकार आता विश्वमानव दिन म्हणून पाळतं. बेळगाव ते म्हैसूर धावणाऱ्या गाडीचं नावही विश्वमानव एक्स्प्रेस आहे. नाव द्यायला कोणाची हरकत नसते. हरकत येते ती लग्न ठरताना, आणि ती घरातूनच येते. स्वतःला आध्यात्मिक म्हणवणाऱ्या आईबापांना मला विचारावंसं वाटतं: तुमच्या मुलीने जात न पाहता, मुहूर्त न काढता, साध्या खोलीत लग्न करायचं ठरवलं, तर ती संहिता वाचायला तुम्ही उभे राहाल का?