गॉडसिब आणि गॉसिप



मिस्सा संपल्यावर आपण चर्चच्या पायऱ्यांवर थोडे थांबतो. कोणाच्या मुलाला नोकरी लागली, कोणाच्या आजीचे गुडघे कसे आहेत, अशी विचारपूस होते. इंग्रजीत याला ‘स्मॉल टॉक’ म्हणतात, म्हणजे किरकोळ बोलणे. पण ते तितके किरकोळ नाही. प्रभू येशूने शोमरोनी स्त्रीशी संवाद सुरू केला तोही विहिरीवर प्यायला पाणी मागून.

मग पायऱ्यांवरचा आवाज हळू होतो. ‘ऐकलंत का?’ इथून गॉसिप सुरू होते. हा शब्द आता आपल्याही तोंडी रुळला आहे, पण त्याचा जन्म बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळचा आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. जुन्या इंग्रजीत ‘गॉडसिब’ म्हणजे देवाच्या नात्याने जोडलेला आप्त, आपल्या भाषेत धर्मपिता किंवा धर्ममाता. यॉर्कचे आर्चबिशप वुल्फस्टन यांनी १०१४ च्या सुमारास केलेल्या प्रवचनात, देशभर धर्ममातापित्यांचा आणि धर्मबालकांचा घात होत असल्याचा शोक आहे. तिथे हाच शब्द येतो. पुढे जिवलग मैत्रिणीला, बाळंतिणीपाशी जमणाऱ्या बायकांना हे नाव पडले, मग बडबड्या माणसाला, आणि एकोणिसाव्या शतकात त्या बोलण्यालाच. (दोष बायकांच्या माथी गेला. आपल्या नाक्यावरचे पुरुष काही मागे नाहीत!) फ्रेंच भाषेत धर्ममातेच्या ‘कोमेर’ या नावाचेही असेच झाले.

असे का झाले असावे? आम्हांला वाटते, ज्याला घरात प्रवेश असतो त्यालाच घरातले कळते. परका काय सांगणार?

‘आम्ही खोटे कुठे बोलतो? झाले तेच सांगतो,’ असे आपण म्हणतो. पण कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात (परिच्छेद २४७७) एवढ्यावर सुटका नाही. योग्य कारण नसताना दुसऱ्याचा खरा दोषही, ज्याला तो ठाऊक नाही त्याला सांगणे, हे पापच मानले आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी तर ६ सप्टेंबर २०२० रोजी, ऐन साथीच्या दिवसांत, कुचाळकी ही कोविडहूनही वाईट साथ असल्याचे म्हटले होते.

एखादी आई शेवटच्या आशीर्वादाआधीच बाजूच्या दाराने निघून जाते, कारण बाहेर पायऱ्यांवर तिच्या मुलीच्या मोडलेल्या लग्नाची चर्चा चाललेली असते. पुढे ती मिस्सालाच येईनाशी होते. नावे घेतली तर हे पत्रकही पायऱ्यांवर जाऊन बसेल, म्हणून घेत नाही. तशा वेळी आपण बोललो नसू, पण ऐकत उभे होतो.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर बाप्तिस्मे आहेत. धर्मपिता-धर्ममाता पेटलेली मेणबत्ती हाती घेऊन उभे राहतील. त्या बाळांच्या घरातले पुढे त्यांना बरेच काही कळणार आहे.