चहा उकळेपर्यंत

श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२०च्या दशकात वर्गणीदार जमवत महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. पुढे वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोश आकाराला आला. त्याचा पहिला खंड १९७६चा. पूर्वी असले जाडजूड ग्रंथ वाचनालयाच्या कपाटातच बघायचे. आज दोन्ही कोश मोबाइलवर फुकट उघडतात. चहा उकळेपर्यंत एखादी नोंद सहज वाचून होते. ‘अ’पासून क्रमाने मात्र जाऊ नका, चार दिवसांत कंटाळाल! समोर येईल ते शोधा. डब्यात भाकरी असेल तर ज्वारी बघा. केतकरांचे आकडे शंभर वर्षांपूर्वीचे, ते ताडून घ्यावे लागतात. पण मला तर तेच जुनेपण वाचायला आवडतं.